१५७ नंबरची पेन्सिल, खरखरीत बोर्ड आणि रंकाळ्यातला मासा: आठ महिन्यांनंतर

शनिवारी रात्री चित्रातल्या माशाच्या शेपटीखालचं पाणी भरताना १५७ नंबरची रंगीत पेन्सिल संपली. एक्स्टेंडरमध्येसुद्धा (आखूड पेन्सिल धरायच्या दांडीत) धरता येईना इतकी संपली. फेबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेटीतली डार्क इंडिगो, म्हणजे गडद निळी, आठ महिन्यांतली दुसरी. त्याच पेटीतल्या गुलाबी, जांभळ्या पेन्सिलींचं टोक अजून कंपनीचंच आहे. म्हणून हे लिहायला बसले. पेस्टलबोर्डबद्दल, म्हणजे मी ज्यावर चित्र काढते त्या खरखरीत बोर्डबद्दल, चांगलं पुष्कळ वाचलं होतं, पण तो पेन्सिल किती खातो हे कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं. मी गुळाच्या अडतीत हिशेब लिहिते, आकडा नसेल तर मला चैन पडत नाही.

नवी पेन्सिल पट्टीवर साडेसतरा सेंटिमीटर भरते. आठ बाय दहा इंचाच्या पांढऱ्या बोर्डवरच्या पहिल्या माशाने १५७ ची अकरा सेंटिमीटर गिळली. एका चित्राला! त्या एका पेन्सिलीच्या पैशांत शाळेच्या पोराची बारा रंगांची पेटी येते. त्या रात्री वहीत मी लिहून ठेवलं होतं, "हा बोर्ड परत घेणे नाही."

आधी बोर्डचा पोत सांगते. हार्डबोर्डवर माती आणि संगमरवराच्या भुकटीचा थर, हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा लागतो. अडचण त्या थरातल्या खळग्यांची. पेन्सिल वरच्यावर टेकड्यांना रंग लावत जाते, खाली पांढरे ठिपके तसेच राहतात. आकाश असतं तर ठिपके चालून गेले असते. पण गडद पाण्यात ते मीठ सांडल्यासारखे दिसतात. मी दाबून भरत गेले. टोक मोडायचं, शार्पनर फिरवायचा, परत दाबायचं. करंगळीची कड सोलवटली ती वेगळीच.

आता कुणी म्हणेल, एवढा गडद निळा हवाच कशाला? त्यासाठी पाण्याकडे बघायला लागतं. आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या दगडी बांधावर सकाळी साडेसातला उभं राहा. पायाशी, अगदी सरळ खाली बघितलं तर पाणी आरपार दिसतं, कारण तिथून शेकडा दोनच्या आसपासच उजेड परत फिरतो. नजर लांब, तिरकी गेली की तेच पाणी आरसा होतं. आणि मधल्या पट्ट्यात खरी गंमत आहे. जिथे आकाशाचं प्रतिबिंब पडलंय तिथे मासा दिसत नाही. जिथे झाडाची किंवा बांधाची काळी सावली पडलीय, तिथेच तो दिसतो. चिलापी मासळी पोहत पोहत सावलीतून उजेडात आली की पुसल्यासारखी नाहीशी होते, दोन हातांवर पुन्हा सावलीत उगवते. हे मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा बांधावरच बसून राहिले, ऑफिसला उशीर झाला.

म्हणजे मासा काढायचा तर आधी अंधार काढायला लागतो. चित्राचा निम्म्याहून जास्त भाग गडद, आणि तो काळ्याने भरून चालत नाही. गडद वस्तूचं पाण्यातलं प्रतिबिंब त्या वस्तूपेक्षा जरा उजळ असतं, आणि उजळ आकाशाचं जरा मळकट. १९९ नंबरचा काळा लावला की पाण्याचं डांबर होतं. शेवटी १५७, त्यावर अक्रोडी १७७, मध्ये थोडा शेवाळी हिरवा. सगळा भार एकट्या १५७ वर येतो तो असा.

चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून (ते १९३१ मध्ये गेले) आपल्या गावात पाणी रंगवायची रीत आहे. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट कुणी सोडला नाही. पण बहुतेक चित्रांत पाण्यावर काय दिसतं तेच असतं. मला खालचं हवं होतं.

दुसऱ्या माशाला मी काटकसर केली आणि ती अंगाशी आली. खालचा गडद थर मऊ, मेणाच्या स्वस्त निळ्या पेन्सिलीने दाबून भरला, वर नावापुरती १५७ फिरवली. चार सेंटिमीटरमध्ये काम झालं. हिशेब बघून मी फार खूश होते. जूनमध्ये चित्र फ्रेमवाल्याकडे नेलं, त्याने उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाला, "ताई, बुरशी धरलीया ह्याला. पावसाळ्यात असंच हुतंय. काचेत घातलं तर आणि वाढंल." खरंच, सगळ्या पाण्यावर पांढुरकी साय आली होती. कपाटातल्या चपला हिरव्या होतात त्या दिवसांत, मीही विश्वास ठेवला. तीन आठवड्यांची मेहनत वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्या रात्री झोप लागली नाही.

ती बुरशी नव्हतीच. मेणाच्या पेन्सिलीचा थर दाट झाला की त्यातलं मेण हळूहळू वर येतं आणि गडद रंगावर धुरकट दिसतं. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घेतला, एका कोपऱ्यावर अलगद फिरवला, आणि खालून निळं पाणी जसंच्या तसं वर आलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे) दोन पातळ हात मारले, तेव्हापासून साय परत आलेली नाही. पॉलिक्रोमोस तेलाच्या असल्यामुळे त्यांच्यावर हे सहसा होत नाही. गडद थरात स्वस्ताई करू नका एवढं कळवळून सांगते. करायची तर गुलाबीत करा.

आता मत बदललं कसं ते सांगते. तिसऱ्या माशाला पुन्हा नऊ सेंटिमीटर गेली, तेव्हा मी नुसतं चित्र न मोजता कचराही बघितला. शार्पनरच्या डबीत केवढं तरी शिसं! बोर्डपेक्षा शार्पनरच जास्त खात होता. या खरखरीत पोतावर पेन्सिल जरा तिरकी धरून फिरवत राहिलं की टोकाला आपोआप धार येते, दर पाच मिनिटांनी शार्पनरची गरजच नसते. लाकूड ब्लेडने सोलायचं, शिशाला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट भुकटीची. घासताना रंगाची धूळ पडते ती मी फुंकून उडवत होते. आता बोर्ड उताराला ठेवते, खाली कागदाची पन्हळ करते आणि पडलेली धूळ कुंकवाच्या जुन्या करंड्यात भरते. सासूबाई बघत होत्या. "अगं, करंड्यात काय भरतीयास?" म्हटलं, पाणी. तैलरंगाचा राठ केसांचा ब्रश घेऊन ती निळी भुकटी बोर्डवर घोळवली की बरोबर खळग्यांत जाऊन बसते. पांढरे ठिपके गेले. दाबणं थांबलं. त्याच ब्रशने पेन्सिलीचे थरही एकमेकांत मिसळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे करडा बोर्ड. हा पांढऱ्याखेरीज करड्या, हिरव्या आणि वाळूच्या रंगातही मिळतो. करड्यावर ठिपके राहिले तरी पाण्याचेच वाटतात. चौथा मासा करड्यावर केला आणि १५७ पाच सेंटिमीटरमध्ये भागली. पांढरा घ्यायचाच असेल तर आधी जलरंगाचा पातळ गडद हात द्या, बोर्ड ओल सहन करतो.

तक्रार एक शिल्लक आहे. माझ्या पार्सलमधल्या एका बोर्डचा कोपरा चेपून आला. फोटो पाठवले, चार फोन केले, उत्तर आलं की बोर्ड वापरण्याजोगा आहे, पैसे मिळणार नाहीत. अजून राग जात नाही. तो मी करवतीने कापून पट्ट्या केल्या, रंग तपासायला वापरते.

आणि ज्या एका गोष्टीसाठी मी "परत घेणे नाही" वर काट मारली, ती म्हणजे पांढरी पेन्सिल, १०१ नंबर. साध्या कार्ट्रिज कागदावर गडद थर बसले की वरून पांढरी घसरते, चकाकीची जागा आधीपासून राखून ठेवावी लागते. इथे पाच-सहा थरांनंतरही पोताला दात राहतात. सगळं पाणी अंधारून झाल्यावर, अगदी शेवटी, टोकदार पांढरीने लाटेची एक रेघ ओढली की ती उमटते. माशाच्या पाठीवरून ती रेघ तोडून नेली की मासा खाली जातो, पाणी वर येतं. पहिल्या माशाला मी बाजारातून आणलेला रोहू समोर ठेवून चंदेरी खवले काढले होते, चहूबाजूंनी रेखीव. पण बाजारातला मासा कुशीवर पडलेला असतो. बांधावरून दिसते ती पाठ, काळपट हिरवी, कडा लाटेने फाटलेली. चौथ्या चित्रात खवले तीनच आहेत, आणि घरी आलेला प्रत्येक जण आधी तो मासा बघतो.

काल नवी मागणी नोंदवली. करडे बोर्ड दोन, पांढरा एकही नाही, सुट्या १५७ तीन. त्या येईपर्यंत शेपटीखालचं पाणी करंड्यातल्या भुकटीवर निभावतंय. अजून पाव करंडा आहे.