चित्रांचे फासे आणि पाचवीचं इंग्रजी : वर्षभराच्या वापरानंतर

नऊ लाकडी फासे, प्रत्येकाच्या सहा बाजूंवर सहा चित्रं, एकूण ५४. फासे टाकायचे आणि वर आलेल्या चित्रांची गोष्ट सांगायची, एवढाच खेळ. जूनमध्ये संच ऑनलाइन मागवला आणि वार्षिक परीक्षेपर्यंत अमळनेर तालुक्यातल्या आमच्या जि. प. शाळेत पाचवीच्या इंग्रजीला वापरला. घ्यावा का, असं बरेच शिक्षक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या मुलांची घरची भाषा अहिराणी. शाळेत पुस्तकी मराठी आणि पहिलीपासूनच इंग्रजी. पाचवीत येईपर्यंत कविता तोंडपाठ असतात, फळ्यावरचं सुबक उतरवता येतं, पण स्वतःचं एक वाक्य बोल म्हटलं की वर्ग गप्प. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांच्या अभ्यासावरून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. वर्षानुवर्षं ऐकून समज चांगली येते, तरी बोलणं-लिहिणं मागे राहतं. स्वतः वाक्य घडवायला लागलं की आपलं कुठे अडतं ते मुलाला कळतं. फाशांमुळे ती वेळ वारंवार येते. माझ्या मते संचाची खरी किंमत ही.

नऊ फासे एकदम देऊ नका. मुलं नुसती नावं वाचतात : की, ब्रिज, मून. एका गटाला तीनच द्या आणि फळ्यावर दोन-तीन शब्दांची अट लिहा : बट, बिकॉज, सडनली. अट आली की गोष्टीत अडचण येते, अडचण आली की क्रियापद लागतं. मोकळं सोडलं तर कल्पना फुलते असं वाटतं खरं, पण परक्या भाषेत मुलाला धरायला काहीतरी लागतंच.

पावलाच्या ठशाचं एक चित्र आहे. एका मुलीनं ते बिबट्याचं ठरवलं आणि गोष्ट आधी अहिराणीत सांगितली, ‘मन्ही बकरी पयी गयी’. मग गटानं मिळून ‘माय गोट रॅन अवे बिकॉज अ लेपर्ड केम’ इथपर्यंत आणली. घरच्या भाषेत आधी विचार करू देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जिला सांगायचं काही आहे, ती शब्द मागायला स्वतः उठते. लाइटहाउसला मुलं पाण्याची टाकी म्हणतात. म्हणू द्यावं, चित्र संदिग्ध असेल तेवढं बोलणं वाढतं.

चुकांबद्दल सांगतो, कारण पालक हेच विचारतात. ‘कॉट’ऐवजी ‘कॅच्ड’ हमखास येतं. इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलंही असंच म्हणतात. नियम पकडल्याची ती खूण आहे. गोष्ट मध्येच तोडू नये. संपल्यावर तेच वाक्य बरोबर रूपात आपण म्हणावं, झालं.

सर्वांत जास्त बोलणं मात्र दुसऱ्याच खेळात झालं. एका गटानं फासे पुठ्ठ्याआड ठेवून वर्णन करायचं, दुसऱ्यानं ऐकून पाटीवर चित्र काढायचं. माहिती एकाकडेच असल्यामुळे ‘व्हेअर?’, ‘हाउ बिग?’ हे प्रश्न आपोआप निघतात. एरवी प्रश्न विचारणारे फक्त आम्ही शिक्षक.

उणिवा आहेत. कोपऱ्यांवरची शाई दिवाळीपर्यंत पुसट झाली. फरशीवर आवाज फार होतो, सतरंजी हवीच. चाळीसचा पट असेल तर एक संच पुरत नाही. लेखन यातून आपोआप सुधारत नाही, त्याला वेगळा तास द्यावा लागतो. आणि पाचवीची गोडी आठवीत टिकेलच असं नाही. मोठ्या मुलांना चित्रं बाळबोध वाटतात.

दुसरा संच आम्ही विकत घेतला नाही. गावातल्या सुतारदादांनी लाकडाचे ठोकळे कापून दिले आणि मुलांनीच चित्रं चिकटवली : केळीचा घड, कापसाचं बोंड, विहिरीवरची मोटर, खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा नारळ, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातला घोडा. या फाशांवर गोष्टी लांब होतात, कारण घोड्याचा भाव करणारे काका मुलांनी पाहिलेले असतात. विकतचा संच अनोळखी चित्रांसाठी ठेवा, घरचा रोजच्या बोलण्यासाठी. एकच शक्य असेल तर घरचा करा, चित्रं मुलांकडूनच काढून घ्या आणि वर रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे वर्षभर टिकतील.