आषाढ धरून आखलेली सौरयंत्रणा: साताऱ्यातील एका सोलर दुकानाच्या सेवेविषयी

कासच्या पलीकडे, बामणोलीच्या बाजूला डोंगरउतारावर असलेल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत विजेचा खांब पोहोचलेला नाही, म्हणून पोवई नाका परिसरातील एका सोलर दुकानाकडून आम्ही पूर्णपणे स्वतंत्र यंत्रणा बसवून घेतली. तिच्यावरून एक पावसाळा गेल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे.

इतरत्र "किती किलोवॅट हवे?" एवढेच विचारून दर सांगितला गेला होता. येथील अभियंत्याने आधी वापर मांडून घेतला: 9 वॅटचे चार दिवे पाच तास, 30 वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आठ तास, अर्ध्या एचपीचा पंप अर्धा तास, शिवाय लॅपटॉप आणि मोबाईल. बेरीज सव्वा युनिटच्या आत आली. इन्व्हर्टर आणि वायरिंगमधील घट धरून त्याने रोजचे दीड युनिट ठरवले. एवढी वीज उन्हाळ्यात 540 वॅटचे एकच पॅनेल देऊ शकते. पण आषाढात ढग डोंगरावर टेकले की उत्पादन पाव हिश्श्यावर येते, म्हणून तीन पॅनेल लागतील, हे त्याने आकडेमोड करून पटवून दिले. माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच हिशोबात आहे. 51.2 व्होल्ट, 100 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे पाच युनिट साठवते. त्यातील 80 टक्केच वापरली तरी ऊन नसताना अडीच दिवस निभतात.

जागा पाहायला आल्यावर तो दुपारी तीनपर्यंत थांबला, जांभळाची सावली छपरावर कुठवर सरकते ते खडूने आखले आणि एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळ्या जोडणीचे उत्पादन घटते, असे सांगून सांगाडा अंगणाच्या पूर्वेकडे, दक्षिणाभिमुख आणि सुमारे 18 अंशांच्या कलाने उभारला. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या यंत्रणेलाच मिळते, हेही त्याने पहिल्याच भेटीत स्पष्ट केले.

सलग धुके असलेल्या दिवसांत आम्ही पंप ऊन डोकावेल तेव्हाच चालवला. दिवे आणि पंखे एकदाही बंद पडले नाहीत.

एक उणीव मात्र गंभीर आहे. जोडणीचा आराखडा वारंवार मागावा लागला, आणि डीसी बाजूच्या, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीकडच्या, एमसीबींवर (बिघाड झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचांवर) कोणता कशाचा हे लिहिलेले नव्हते. रात्री बिघाड झाल्यास हे धोक्याचे ठरू शकते, म्हणून शेवटचा हप्ता देण्यापूर्वी आराखडा हातात घ्यावा आणि अर्थिंगची तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी.