ट्रकवरून आलेलं घर : अकरा महिन्यांनंतर

कॅनडात उत्तर ऑन्टॅरिओतल्या एका फर्स्ट नेशन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, गावात आम्ही नवराबायको शाळेत शिकवतो. गावाला बारमाही रस्ता नाही. एरवी छोटं पिलाटस विमान, आणि जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत गोठलेल्या तळ्यांवरून, दलदलीवरून जाणारा विंटर रोड. आमचं राहतं घर त्याच रस्त्याने दोन तुकड्यांत आलं. गेल्या ऑगस्टात आम्ही त्यात राहायला गेलो, आता जुलै आहे. अशा कारखान्यात बनून तुकड्यांत येणाऱ्या, मॉड्युलर घरांबद्दल नेटवर जे सापडतं ते एकतर विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं, नाहीतर त्यात एक रात्रही न काढलेल्यांनी. म्हणून हे.

किती स्टार? आमच्याकडून चार. शेजारच्या घरात विचारलं तर दीड. मॉडेल एकच आहे, कारखाना एकच, दोन्ही घरं एकाच आठवड्यात उतरली. आमच्या तीन बेडरूममध्ये आम्ही दोघं, त्यांच्या तीन बेडरूममध्ये नऊ जण. आम्ही बाहेरून आलेले मास्तर, म्हणून शाळेच्या वाट्याचं घर आम्हाला वर्षभरातच मिळालं. ते लोक घरासाठीच्या यादीत कितीतरी वर्षं होते. हे मला लिहिताना बरं वाटत नाही, पण न सांगता पुढचं काही कळायचं नाही.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. इथे दोन्ही एकदमच आहे. प्रत्येकी १४ फूट रुंदीचे दोन लांबट खोके. कारखान्यातून भिंती, वायरिंग, नळ, ओट्याखालची कपाटं, अगदी टॉयलेट पेपरचा दांडासुद्धा लावून येतात आणि जागेवर एकमेकांना जोडतात. त्या सांध्याला सगळे मॅरेज लाइन म्हणतात. आमची मॅरेज लाइन हॉलच्या छतावरून येऊन बेडरूमच्या चौकटीवर उतरते. ऑक्टोबरपर्यंत ती दिसतही नव्हती. डिसेंबरात रंगावर केसाएवढी रेघ उमटली. जानेवारीत माझं बँकेचं कार्ड त्यात कडेने आत जायला लागलं, आणि बोट धरलं की गार वारा लागायचा. नवरा म्हणाला, लग्नाला वर्ष नाही झालं आणि एवढ्यात फट.

कंपनीला कळवलं. वॉरंटी एक वर्षाची. त्यांनी फोटो मागितले, मग मोजमाप, मग व्हिडिओ, आणि शेवटी लिहिलं की आमचा अधिकृत माणूस पाहणी करेल तेव्हाच काय ते ठरेल. तो माणूस विमानाने येणार, हवा बिघडली तर अडकणार, त्याच्या तिकिटात अशा वीस फटी बुजल्या असत्या. फेब्रुवारीत गावच्या हाउसिंगमधल्या मेंटेनन्सवाल्याने फोमचा एक डबा आणि टेप घेऊन चाळीस मिनिटांत काम संपवलं. वर म्हणाला, ट्रकमधून तीनशे किलोमीटर बर्फावरून हिसके खात आलेल्या घराला एवढं होणारच. कंपनीचा माणूस अजून यायचाय.

आता चार स्टार कशाचे ते सांगते. त्याआधीचं वर्ष आम्ही शाळेच्या जुन्या क्वार्टरमध्ये काढलं होतं. तिथे पलंगाशेजारच्या भिंतीवर आतून बर्फ धरायचं आणि उशी भिंतीला लागली तर सकाळी सोलून काढावी लागायची. या घरात उणे ४१ ला मी हाफ स्वेटरवर वह्या तपासल्या आहेत. खिडक्या तिहेरी काचेच्या, कोपरे काटकोनात, जमीन कुठे करकरत नाही. लाकूड छपराखाली कोरडं राहिलेलं, भिंती टेबलावर आडव्या ठेवून बांधलेल्या, आणि तपासणी कारखान्यातच झालेली; सीएसए ए२७७ या, कारखान्यात बनलेल्या घरांसाठीच्या कॅनडातल्या मानकाचं लेबल चिकटवलेलं आहे. इथे जागेवर बांधकाम करायचं तर हंगाम जेमतेम जून ते सप्टेंबर. सामान तरीही विंटर रोडनेच आणायचं, मग ते उन्हाळ्यापर्यंत पावसात भिजत पडणार, सुतारांना विमानाने आणून राहायलाही घर द्यायचं, जे मुळातच नाही. त्यामुळे दक्षिणेकडे हिवाळाभर कारखान्यात घरं बनवून ठेवायची आणि रस्ता उघडला की पाठवायची, हा हिशोब चुकीचा नाहीच.

रस्ता उघडला की, एवढंच त्यातलं अवघड. २०११ च्या शेवटी जेम्स बेजवळच्या अटावापिस्कॅटमध्ये घरांच्या हलाखीमुळे आणीबाणी जाहीर झाली, लोक तंबूंत आणि शेडमध्ये राहत होते. केंद्र सरकारने २२ मॉड्युलर घरं दिली, पण ती पोचायला विंटर रोडची वाट पाहावी लागलीच. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत हिवाळा इतका कोमट गेला की रस्ते जड ट्रक पेलेनात. ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबातल्या फर्स्ट नेशन्सनी तेव्हा आणीबाणी जाहीर केली. कारखाना कितीही वेगाने चालू दे, शेवटचा टप्पा बर्फाच्या जाडीवर ठरतो.

आता शेजार.

आजीला इथे कोकुम म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलकढीच आठवली. शेजारच्या कोकुम, त्यांची मुलगी, जावई, एक भाचा आणि पाच मुलं. दोन मुलं माझ्या वर्गात. नोव्हेंबरात धाकट्याचा खोकला जाईना म्हणून मी डबा घेऊन गेले, तर आत पाय ठेवताच चष्म्यावर वाफ धरली. खिडकीच्या तळाशी बोटभर बर्फ, त्याखाली टॉवेल. मुलांच्या खोलीत गादी बाहेरच्या भिंतीला टेकवलेली. आईने ती पुढे ओढून दाखवली. मागे कोपऱ्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके. घर तेव्हा नऊ महिन्यांचं होतं.

माझ्याकडे वीस डॉलरचा आर्द्रता मोजायचा काटा आहे. आमच्या घरात २८ टक्के, त्यांच्याकडे ५९. बाहेर उणे तीस असताना आतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली ठेवावी लागते, नाहीतर काचेवर पाणी धरणारच. चार माणसांचं घर श्वास, स्वयंपाक, अंघोळी आणि कपडे धरून दिवसाला साधारण दहा लिटर पाणी हवेत सोडतं. नऊ जणांचं काय ते बघा. असं घट्ट बंद घर स्वतःहून श्वास घेत नाही. ते काम एचआरव्ही नावाच्या यंत्राचं. ते आतली दमट हवा बाहेर टाकतं, बाहेरची कोरडी हवा आत घेतं, आणि दोन्ही प्रवाह एका गाभ्यातून शेजारी शेजारी नेऊन जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं. आमच्याकडे ते बाथरूमशेजारच्या कपाटात रात्रंदिवस घुं घुं करत असतं. मोहरीची फोडणी दिली की मी त्याचं बटण मोठ्यावर करते, तरी स्मोक अलार्म वाजतोच, पण तो दोष मोहरीचा.

शेजाऱ्यांचं एचआरव्ही बंद होतं. लगेच कोणी म्हणेल, बघा, वापरता येत नाही. मीही मनात तेच म्हटलं होतं. मग जावयाने कपाट उघडून दाखवलं. पाणी वाहून नेणारी नळी गोठलेली, दोन्ही फिल्टर लोकरीच्या घोंगडीसारखे जाड झालेले. तीन महिन्यांनी धुवायचे असतात हे सांगणारं पुस्तक सेल्समनच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर हाउसिंग ऑफिसात. आम्ही फिल्टर धुतले, नळी मोकळी करून तिला गरम राहायची केबल गुंडाळली, यंत्र सुरू झालं. आठवडाभराने काटा ४८ वर आला. त्याखाली काही केल्या जाईना.

मग नवऱ्याने रात्री बसून यंत्राची माहिती आणि बिल्डिंग कोड शोधून काढला. (तो गणिताचा मास्तर आहे, त्याला असल्या गोष्टींची हौस.) कोडमध्ये घराला किती हवा लागेल ते बेडरूमच्या संख्येवरून ठरतं. मोठ्या खोलीत दोघं, बाकीच्या खोल्यांत एकेक, म्हणजे तीन बेडरूमला चार माणसं. यंत्र त्या चार माणसांसाठी बरोबर आहे. कारखान्याने कुठे चोरी केलेली नाही. फक्त त्यांनी खोल्या मोजल्या, माणसं नाही. २०२१ च्या जनगणनेत रिझर्व्हवर, म्हणजे फर्स्ट नेशन्ससाठी राखलेल्या जमिनीवर, राहणाऱ्या फर्स्ट नेशन लोकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक दाटीच्या घरांत राहतात असं आलंय. म्हणजे शेजारचं घर काही जगावेगळं नाही; या भागात तेच नेहमीचं गिऱ्हाईक आहे आणि आमच्यासारखं दोघांचं घर अपवाद. मार्च २०२४ मध्ये कॅनडाच्या ऑडिटर जनरलनी फर्स्ट नेशन घरांवर अहवाल दिला, २००३ पासूनचा असा चौथा. त्यात बुरशीबद्दल म्हटलंय की हा प्रश्न किती मोठा आहे हेच संबंधित खात्यांना माहीत नाही. गादी पुढे ओढून पाहिली की माहीत होतं.

वीज. गावात पूर्वी डिझेल जनरेटर होता आणि त्याची ताकद संपली की नवं घर आलं तरी जोडणी मिळत नसे. अशी घरं रिकामी उभी राहिलेली लोकांनी पाहिली आहेत. आता वाटायनिकानेयाप पॉवरची लाइन आली आहे. १७ दुर्गम गावं ग्रिडला जोडणारा हा प्रकल्प, आणि त्यात २४ फर्स्ट नेशन्सची मिळून ५१ टक्के मालकी आहे. फरक खूप पडला. पण लाइन जंगलातून येते आणि जंगलात झाडं पडतात.

१९ जानेवारीला संध्याकाळी सहाला वीज गेली. आमची हीटिंग पूर्ण विजेवर, भिंतीच्या पायथ्याशी बेसबोर्ड हीटर. इन्शुलेशन चांगलं म्हणून रात्री दहापर्यंत आत १५ अंश होते, दोनला ८. सिंकखालच्या नळाची काळजी वाटायला लागली तेवढ्यात दार वाजलं. शेजारचा जावई स्नोमोबिल घेऊन आला होता. "सगळे कोकुमच्या जुन्या घरी चाललेत, तुम्हीही चला." ते जुनं घर म्हणजे वाकलेलं छप्पर, फटींत चिंध्या, कुठलाही इन्स्पेक्टर पाच मिनिटांत नापास करेल असं. मधोमध लाकडं जाळायची शेगडी. आम्ही सतरा जण त्या खोलीत सकाळपर्यंत होतो आणि मला अंगावरचा कोट काढावा लागला. वीज चौदा तासांनी आली. नव्या घरात शेगडी का नाही, हे मी तिथेच विचारलं. कारखान्याच्या नकाशात धुराडं नव्हतं, आणि आल्यावर छताला भोक पाडलं तर वॉरंटी जाते, असं उत्तर मिळालं. जुनं घर खरं तर पाडायचं ठरलं होतं. ते पाडायचा विषय त्या रात्रीनंतर कोणी काढलेला नाही.

स्वस्त पडतं का? आमचं भाडं पगारातून कापतात, ८५० डॉलर, विजेचं वेगळं. ते इथल्या मानाने ठीक. पण गावाला काय पडतं हा वेगळा प्रश्न. १८७६ पासून चालत आलेल्या इंडियन ॲक्टनुसार रिझर्व्हची जमीन सरकारच्या नावावर असते, आणि त्याच कायद्याच्या ८९ व्या कलमामुळे तिथली मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. संरक्षण म्हणून ते चांगलंच, पण बँक साधं गृहकर्जही देत नाही. मग बँड काउन्सिल, म्हणजे गावचं निवडलेलं मंडळ, कर्ज काढते, मंत्र्याची हमी लागते, फेड पंचवीस वर्षांपर्यंत चालते. म्हणजे घराने निदान पंचवीस वर्षं तगायला हवं. असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या त्यांच्या देशव्यापी संघटनेने २०२१ मध्ये घरांसाठी ४४ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज दिला होता. एवढ्या पैशांतून घरं दक्षिणेच्या कारखान्यांत बनणार असतील तर मजुरीही तिकडेच राहणार. आमच्या दोन खोक्यांमागे गावातल्या सहा जणांना नऊ दिवसांचं काम मिळालं. मेंटेनन्सवाला स्वतः सुतार आहे. त्याला हे टोचतं आणि तो ते बोलून दाखवतो.

बारीकसारीक : किचनच्या ओट्यावर मूसची (इथल्या भल्यामोठ्या हरणाची) एक तंगडी मावत नाही. दारातून थेट हॉल, बूट आणि ओले कपडे काढायला मधली थंड खोली नाही, त्यामुळे दार उघडलं की थंडीचा लोंढा सोफ्यापर्यंत. पाण्याचा दाब चांगला. नाइलाजाने घेतलेला फ्रीज आवाज करतो.

मे महिन्यात जमीन सैल झाली तेव्हा बाथरूमचं दार लागेना. घर खडीच्या भरावावर लोखंडी जॅकवर उभं आहे, खाली शिरून स्पिरिट लेव्हल लावत एकेक जॅक पाव आटा फिरवायचा असतो. वर्गातला एक मुलगा आत हॉलमध्ये गोटी ठेवून ओरडायचा, "अजून पळतेय, मिस!" गोटी थांबली तेव्हा दार लागलं. हे मात्र मला फार आवडलं. जागेवर बांधलेलं जुनं क्वार्टर असंच कलंडलं होतं, ते कोणाला सरळ करता आलं नव्हतं.

येत्या हिवाळ्यात आणखी सहा घरं यायची आहेत. हाउसिंग मॅनेजरने आम्हा दोघांना आणि शेजारच्यांना एकत्र बसवून कारखान्याला काय कळवायचं ते लिहून घेतलं. दारापुढे थंड खोली, त्याला कारखान्याने होकार दिलाय. धुराड्यासाठी छतात तयार चौकट सोडणार आहेत, शेगडी इथे बसवायची. चार बेडरूमचा नकाशा आहे, पण तो तीन तुकड्यांत येतो आणि एक ट्रक वाढतो, म्हणून सहापैकी दोनच तसे. एचआरव्ही एक साइझ मोठं मागितलंय. त्यावर त्यांनी विचारलं, कोडप्रमाणे पुरेसं असताना कशासाठी? मॅनेजरने शेजारच्या घरातल्या नऊ जणांची नावं वयांसकट लिहून पाठवली आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.