गोकाकचं पाणी हलतं करायचंय: व्हिडिओवरून की एका फोटोवरून?

पावसाळ्यात बेळगावहून गोकाकच्या धबधब्याला गेलं की फोटो काढल्याशिवाय कुणी परतत नाही. घरी आल्यावर मात्र वाटतं, कातळ, झुलता पूल, माणसं जागच्या जागी राहावीत आणि पाणी तेवढं पडत राहावं. अशा चित्राला सिनेमाग्राफ म्हणतात. न्यूयॉर्कच्या केविन बर्ग आणि जेमी बेक यांनी २०११ मध्ये हे नाव रूढ केलं.

धबधब्यासाठी माझं मत सरळ व्हिडिओच्या बाजूनं आहे. फोन ट्रायपॉडवर लावा, फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, १०-१५ सेकंद घ्या. फोटोशॉपमध्ये त्यातलीच एक फ्रेम वरच्या लेअरवर ठेवून तिच्या मास्कवर (लेअरचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या पडद्यावर) फक्त पाण्याची जागा काळी रंगवायची. तेवढ्याच खिडकीतून खालचा व्हिडिओ दिसतो. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो तिथला सांधा दिसू नये म्हणून शेवटचं सेकंदभर सुरुवातीत विरघळवायचं. पुढे-मागे फिरणारा लूप इथे नको, पाणी कडा चढायला लागतं. समईच्या ज्योतीला मात्र तोच शोभतो, कारण विरघळवलं की एकीच्या दोन ज्योती दिसतात.

ट्रायपॉड पक्क्या जमिनीवरच हवा. मी एकदा पुलावर लावला. कुणी चाललं की फ्रेम हलायची, आणि मास्कच्या रेषेवर कातळाची कड फाटलेली दिसली. सगळी मेहनत पाण्यात गेली.

मोशनलीपसारख्या अ‍ॅपला एकच फोटो पुरतो. बोटानं बाण ओढायचे, न हलणारा भाग गोठवायचा, पाच मिनिटांत काम झालं. पण अ‍ॅप असलेलेच पिक्सेल सरकवतं. राजहंसगडावरचे ढग किंवा संथ नदी त्यात सुरेख होते. गोकाकचं पाणी सुमारे ५२ मीटर कोसळतं, खाली फुटतं, तुषार उडतात. अ‍ॅपमध्ये ते मातकट चादर ओढल्यासारखं घसरतं आणि तळाशी काहीच फुटत नाही. घरातला जुना फोटो हलता करायचा असेल तर मात्र अ‍ॅपच, तिथे पुन्हा जाऊन व्हिडिओ घेता येत नाही.

दोन्हीकडे शेवटी एमपी४ काढा. जीआयएफला एका फ्रेममध्ये २५६ रंगच मिळतात, त्यामुळे पावसाळी आभाळात पट्टे उमटतात. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावणार असाल तर चार सेकंदांचा तुकडा पाच-सहा वेळा जोडून ठेवा, कारण तिथे व्हिडिओ एकदा वाजून पुढे सरकतो.