मैदानातला कार्यक्रम की नाट्यगृहातला? तिकीट काढायच्या आधी

महिन्याभरात पुण्यात दोन कार्यक्रम आहेत, एक नगर रोडकडच्या मोकळ्या मैदानावर, दुसरा गावातल्या नाट्यगृहात, आणि खिसा एकाच तिकिटाला परवानगी देतोय. बहुतेक जण भाव आणि मंचापासूनचं अंतर बघून ठरवतात. बघायला हवं ते घड्याळ.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाला ही दहाची अट नाही. हा नियम कागदावरच राहतो असं समजू नका. ३० एप्रिल २०२३ ला राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान यांचा कार्यक्रम पोलिसांनी मंचावर जाऊन दहाला थांबवला. एके काळी पहाटेपर्यंत रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही रात्र आवरती घ्यावी लागली.

मैदानावरच्या रात्रीचं गणित करून बघा. आधी दोन सहकलाकार, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि प्रत्येकानंतर मंच बदलायला २५ मिनिटं. ६ ला सुरुवात झाली तर मुख्य गायक ८.२० ला येतो आणि १०० मिनिटं गातो. सुरुवातच ६.४० ला झाली तर त्याच्या वाट्याला ६० मिनिटं उरतात. उशीर कोणाचाही असो, कात्री लागते ती ज्याच्यासाठी पैसे मोजले त्यालाच. म्हणून तिकिटावरची 'गेट ५ वाजता' ही ओळ सोडा आणि मुख्य कलाकाराची वेळ जाहीर झाली आहे का ते शोधा. ती नसेल आणि सहकलाकार तीन असतील, तर आम्ही ते तिकीट काढणार नाही.

नाट्यगृहात गाणं कापलं जात नाही, पण सुरुवात बिघडते. दुपारच्या नाटकाचा सेट उतरल्याशिवाय साउंडवाल्यांना वायरी टाकता येत नाहीत. साउंड चेक घाईत उरकतो आणि पहिल्या दोन गाण्यांत माइक शिट्ट्या मारतो. तिसऱ्या गाण्यापर्यंत बहुधा ताळ्यावर येतं.

आवाजासाठी जागा कुठली? नाट्यगृहात खाली मधल्या रांगा, नाहीतर बाल्कनीची पहिली रांग. बाल्कनीच्या छताखाली अगदी मागे बसलात तर गायकाचे शब्द बोथट होतात आणि बेस तेवढा घुमत राहतो. मैदानात मिक्सरच्या टेबलाच्या थोडं पुढे, मधोमध उभे राहा, कारण साउंड इंजिनिअर तिथलंच ऐकून आवाज जुळवत असतो. ध्वनीला ७० मीटर जायला साधारण ०.२ सेकंद लागतात. त्यामुळे मागच्या बाजूचे स्पीकर तेवढ्याच विलंबाने लावलेले नसतील तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मंचाला खेटून उभं राहण्याचा हट्ट असेल तर फोमचे इअरप्लग न्या. १०० डेसिबल आवाजात कानांना १५ मिनिटांपुढे धोका मानतात. प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. नुसता कोंबलेला प्लग दुसऱ्याच गाण्याला खाली पडतो.

गर्दीचा धोका मैदानात जास्त. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की ढकलणं कोणाच्याच हातात राहत नाही. हात चेहऱ्यापर्यंत उचलता येत नसेल तर फोन आत टाका, कोपर वाकवून हात छातीसमोर धरा आणि लाट ओसरली की तिरकं कडेला सरका. लाटेच्या उलट जोर लावू नका.

एप्रिल-मेमधला वळीव हा मैदानाचा दुसरा शत्रू. छत्री बहुतेक ठिकाणी गेटवरच ठेवून घेतात, म्हणून रेनकोट. विजा चमकू लागल्या की लोखंडी बॅरिकेड आणि लाइटच्या मनोऱ्यांपासून लांब. खरं तर मैदानाचं तिकीट डिसेंबर-जानेवारीतलं काढावं, स्वेटरसह.

घरी परतताना नाट्यगृह सरळ जिंकतं. बालगंधर्वहून छत्रपती संभाजी उद्यान स्थानक चालत गाठता येतं, गणेश कला क्रीडाहून स्वारगेट. शेवटच्या मेट्रोची वेळ मात्र निघतानाच बघून ठेवा. नगर रोडच्या मैदानांना जवळचं स्थानक रामवाडी, आणि तिथवर पोचायला पुन्हा रिक्षा. दहाला सगळं मैदान एकाच वेळी कॅब शोधतं, नेटवर्क बसतं आणि भाडं दुप्पट होतं. त्यावर उपाय दोनच: शेवटचं गाणं सोडून निघा, नाहीतर अर्धा-पाऊण तास तिथेच थांबा आणि मग मुख्य गेटपासून अर्धा किलोमीटर चालत जाऊन गाडी बोलवा. तिकिटाचा क्यूआर घरूनच उतरवून घ्या. काही तिकिटांचा कोड ॲपमध्ये कार्यक्रमाच्या दिवशीच उघडतो आणि स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही, हेही आधी वाचा.

सोबत आईवडील किंवा लहान मूल असेल तर मैदानाचा विचारच नको. ढोल-ड्रम्सवर नाचायचं असेल तर नाट्यगृहात जीव गुदमरेल.

पैशांचं काय? रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मागता येतात. अर्ध्यात थांबलेल्याचे बहुतेक आयोजक देत नाहीत, ते अटींत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जाहिरात, तिकीट आणि प्रत्यक्ष सुरू-बंद झाल्याची वेळ जपून ठेवा. आयोजक दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.