प्रोटॉन की सिझियम? बेळगाव भागातील चुंबकीय सर्वेक्षणासाठी

खानापूर, हुक्केरी किंवा निपाणीच्या शिवारात भूजलासाठी डाइक (जमिनीतील भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती) शोधायचे असतील आणि प्रोटॉन मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र) भाड्याने घ्यावा की सिझियम, हे ठरत नसेल, तर भाड्याआधी आपल्या भागातील चुंबकीय नती, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षितिजाशी करते तो कोन, पाहावी. बेळगाव परिसरात एकूण चुंबकीय क्षेत्र साधारण 41 ते 42 हजार नॅनोटेस्ला (क्षेत्र मोजण्याचे एकक) असते आणि ते क्षितिजाखाली सुमारे 18 अंश कलते, म्हणजे जवळजवळ आडवेच असते. सेन्सर कसा धरायचा, हे त्यावरूनच ठरते.

प्रोटॉन यंत्रात केरोसीनसारख्या हायड्रोजनयुक्त द्रवाभोवती कॉइल असते. सेन्सर कसाही धरला तरी आकडा बदलत नाही. बदलतो तो सिग्नलचा जोर. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवला की तो क्षेत्राला काटकोनात राहतो आणि सिग्नल पूर्ण मिळतो. तोच अक्ष उत्तरेकडे आडवा वळवला तर सिग्नल जवळपास दहाव्या हिश्शावर येतो आणि एकाच जागी घेतलेले आकडे इकडेतिकडे उड्या मारू लागतात. म्हणून सकाळी ट्यूनिंग 42,000 च्या आसपास लावून एकाच खुंटीवर पाच वाचने घ्यावीत. ती एका नॅनोटेस्लाच्या आत जुळली, तरच पुढे निघावे.

सिझियमचे गणित वेगळे आहे. बहुतेक सेन्सर क्षेत्राशी साधारण 15 ते 75 अंशांच्या कोनातच काम करतात, त्याबाहेर वाचनच मिळत नाही. आपल्याकडे तो उभा धरला तर कोन सुमारे 72 अंश होतो आणि उत्तरेकडे आडवा धरला तर 18. म्हणजे हाताला सहज सुचणाऱ्या दोन्ही स्थिती अगदी कडेवरच्या आहेत. बांध ओलांडताना काठी जराशी हलली की वाचन तुटते. उपाय सोपा आहे: सेन्सर आडवा ठेवून ईशान्येकडे वळवावा, कोन 48 अंशांच्या आसपास येतो आणि उलट फेरीत तो नैर्ऋत्येकडे गेला तरी चालते. दिशा बदलल्याने सुमारे एक नॅनोटेस्लाचा फरक मात्र पडू शकतो, तो मोजणीच्या रेषांवर पट्ट्यांसारखा उमटतो आणि नंतर काढावा लागतो.

वेगाच्या बाबतीत सिझियम सरळ पुढे आहे: सेकंदाला दहा वाचने, तर साध्या प्रोटॉनला एका वाचनासाठी दोन-तीन सेकंद थांबावे लागते.

माझा कल खडकावर ठरतो. निपाणी-चिकोडीच्या बेसाल्टवर दोन पावलांत क्षेत्र इतके बदलू शकते की प्रोटॉनचा सिग्नल लवकर विरतो. तिथे सिझियमच घ्यावे. खानापूरकडच्या नीस आणि शिस्ट या जुन्या रूपांतरित खडकांवर, रेषा 20 मीटर अंतरावर असतील, तर प्रोटॉन पुरेसा आहे. उत्तर-दक्षिण डाइक मात्र कोणत्याही यंत्राने फिकट दिसतील, कारण प्रेरक क्षेत्र, म्हणजे खडकाला चुंबकत्व देणारे पृथ्वीचे क्षेत्र, त्यांच्या लांबीलाच समांतर जाते.

उसाच्या फडात आणखी एक पथ्य पाळावे. सेन्सरपासून दोन मीटरवर कोयता ठेवलेला असेल, तरी रेषेत खोटा उंचवटा येऊ शकतो. तोडकऱ्यांना विनंती करून कोयते बांधाबाहेर ठेवायला सांगावेत आणि स्वतःचा मोबाइल, किल्ल्या, पट्टाही तिथेच काढून ठेवावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला गेली; पंपाच्या तारांपासून बेस स्टेशन (एकाच जागी ठेवून दिवसभराचा बदल नोंदवणारे यंत्र) लांब ठेवण्यामागचे कारणही तेच आहे. रेषांसाठी सिझियम घेतले, तरी बेसला प्रोटॉन बसवावा: तिथे वेगाची गरज नसते आणि दिवसभरात होणारा दहांच्या पटीतल्या नॅनोटेस्लांचा चढउतार मिनिटाला एका वाचनातही व्यवस्थित पकडता येतो.