ट्रेडिंगसाठी घेतलेला लॅपटॉप: प्रोसेसर उत्तम, पण सगळा भार एका सी पोर्टवर

पहिल्या काही महिन्यांतच या लॅपटॉपविषयी लिहिले असते, तर ते निव्वळ कौतुक झाले असते. आता मात्र त्याच्या डाव्या कडेला असलेल्या एकुलत्या एका यूएसबी-सी पोर्टविषयीच अधिक लिहावे लागणार आहे, कारण बाजार सुरू असताना मला अडवले ते त्या पोर्टनेच. प्रोसेसरने किंवा मेमरीने कधीही नाही.

चांगले आहे ते आधी सांगून टाकतो. ब्राउझरमध्ये चार्ट पाहणाऱ्याला वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवण्याचे कारण नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर लॅपटॉपचा पडदा आणि बाहेरचा मॉनिटर हे दोन्ही विनातक्रार चालतात. ८ जीबी मेमरीत चार्ट, ऑप्शन चेन (ऑप्शन करारांच्या भावांचा तक्ता) आणि बातम्या एकाच वेळी उघडल्या की ओढाताण सुरू होते, ती १६ जीबीत जाणवली नाही. एका चार्टचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे एकाच गणन-एककावर, होत असल्यामुळे कोअरची संख्या मोजण्यापेक्षा एका कोअरचा वेग पाहिलेला बरा, आणि त्या बाबतीत हा लॅपटॉप चोख आहे. पडदा १९२० बाय १२०० आहे. नेहमीच्या १०८० ओळींपेक्षा मिळणाऱ्या या १२० जादा ओळींत चार्टखाली खुल्या पोझिशनची (अजून न मिटवलेल्या सौद्यांची) पट्टी नीट बसते.

आता पोर्टकडे वळतो. चार्जिंग याच पोर्टमधून होते आणि ४के, म्हणजे अतिशय बारीक चित्राचा, मॉनिटर ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करत) चालवायचा तर त्याची जोडणीही याच पोर्टमधून करावी लागते. एचडीएमआय पोर्ट वेगळा दिलेला आहे, पण तो १.४ आवृत्तीचा असल्यामुळे ४के चित्र ३० हर्ट्झवरच अडकते आणि माउसचा बाण मार्केट डेप्थवरून (खरेदी-विक्रीच्या प्रलंबित ऑर्डरींच्या यादीवरून) रखडत सरकतो. साहजिकच मॉनिटर आणि चार्जिंग यांसाठी मी सी पोर्टातली एकच तार वापरत होतो. या सोयीने मी इतका खूश होतो की कंपनीने बाकीचे पोर्ट दिले नसते तरी तक्रार केली नसती.

मग एके दिवशी पोझिशन खुली असताना बाहेरचा मॉनिटर काळा पडला आणि त्याच क्षणी चार्जिंगचे चिन्हही गेले. प्लग काढून उलटा लावला तेव्हा दोन्ही पूर्ववत झाले. त्यामागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. सी पोर्टात २४ पिना असतात आणि त्यांपैकी दोन सीसी पिना वीज आणि चित्र यांची बोलणी करण्यासाठी असतात. प्लग ज्या बाजूने घातला असेल त्यानुसार त्यांपैकी एकीवरच ही बोलणी होतात. तो एक संपर्क तुटला की चार्जर वीज थांबवतो आणि चित्रही जाते. प्लग उलटवला की दुसऱ्या पिनेवर तोच व्यवहार पुन्हा सुरू होतो. काही आठवड्यांत दुसरी बाजूही दगा देऊ लागली. तेव्हा प्लग किंचित वर उचलून धरला तरच चार्जिंग होई आणि पोर्टमधली बारीक पट्टी बोटाच्या स्पर्शानेही हलत असलेली दिसे.

सेवा केंद्राने पोर्टकडे जेमतेम पाहून ‘बाह्य दाबामुळे झालेली हानी’ असा शेरा मारला, वॉरंटी नाकारली आणि संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला. तो लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. चार्जिंगच्या पोर्टात रोज प्लग घालणे आणि काढणे हा बाह्य दाब मानायचा असेल, तर तो पोर्ट कशासाठी दिला आहे, असे मी लेखी विचारले. उत्तरात तेच दरपत्रक पुन्हा आले.

यानंतर लॅपटॉपविषयीचे माझे मत थोडे निवळले, त्याचे श्रेय बाहेरच्या एका तंत्रज्ञाला जाते. त्यांनी साध्या स्क्रूंनी बसवलेले मागचे झाकण काही मिनिटांत उघडले आणि पोर्टच्या पायांशी डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी पडलेली चीर मला भिंगाखाली दाखवली. त्यांनी त्या जागी पुन्हा डाग दिला आणि दरपत्रकातल्या रकमेच्या अगदी किरकोळ अंशात काम झाले. दुरुस्तीला इतकी सोपी रचना करणाऱ्या कंपनीने हाच पोर्ट एका छोट्या वेगळ्या बोर्डावर का बसवला नाही, हे मात्र कळत नाही. अशी रचना अनेक लॅपटॉपांत असते आणि तिथे तेवढा तुकडा बदलून भागते.

लॅपटॉप मधेच बंद पडला तर सौद्याचे काय होते, हे या निमित्ताने नीट तपासले. ब्रोकरच्या सर्व्हरवर पोहोचलेली स्टॉप लॉस ऑर्डर (ठरलेल्या भावाला सौदा मिटवून तोटा रोखणारी) लॅपटॉप बंद झाला तरी कायम राहते. मेटाट्रेडर ४ या ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधला ट्रेलिंग स्टॉप, म्हणजे भावामागोमाग सरकणारा स्टॉप, मात्र आपल्या संगणकावरील टर्मिनल (त्या सॉफ्टवेअरचा आपल्याकडचा प्रोग्राम) चालवत असते. ते बंद पडले की स्टॉप शेवटच्या पातळीवरच थांबतो आणि भाव कितीही पुढे गेला तरी सरकत नाही. त्या दिवशी माझी ऑर्डर सर्व्हरवर होती, म्हणून मी प्लगशी झटापट करू शकलो.

बॅटरीवर असताना प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि चार्टची झूम अडखळते. पॉवर मोड बदलल्यावर फरक पडतो, पण पंख्याचा आवाज वाढतो. चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखण्याची सोय आहे, आणि दिवसभर तार लावून बसणाऱ्याने ती आवर्जून सुरू ठेवावी.

दुसरा लॅपटॉप घ्यायचा झाल्यास दोन कडांना एकेक सी पोर्ट, किंवा चार्जिंगसाठी वेगळा गोल पोर्ट असलेलाच घेईन. मॅकबुक एअरकडे वळू पाहणाऱ्यांनी एम१ आणि एम२ चिपच्या आवृत्त्या एकाच बाह्य मॉनिटरला थेट आधार देतात हे ध्यानात ठेवावे. पण चालते यंत्र टाकून नवे घेण्याची माझी तयारी नाही. सध्या सी पोर्टात फक्त चार्जर असतो, तोही काटकोनात वळलेल्या प्लगचा, म्हणजे तारेचा ताण पोर्टवर येत नाही. मॉनिटर एचडीएमआयवर २५६० बाय १४४० वर उतरवून ६० हर्ट्झ मिळवले आहेत. त्या बदल्यात मोठ्या पडद्यावरची अक्षरे पुसट झाली आहेत आणि भावातला ३ आणि ८ यांत गफलत होते, त्यामुळे ऑर्डरची खिडकी मी लॅपटॉपच्याच पडद्यावर ठेवतो.